भास्कराचार्य आणि चौकोन

खानदेशात चाळीसगावाजवळ, डोंगरांच्या कुशीत पाटण नावाचे एक जुने स्थान आहे. एके काळी तेथे गजबजलेले नगर होते. आज तेथे देवीचे देऊळ, प्राचीन वास्तूंचे अवशेष आणि सभोवार दाट रान एवढेच दिसते. या ठिकाणी एका देवळात एक शिलालेख सापडला. मुंबईचे विद्वान डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली त्याची माहिती जगापुढे मांडली. जुने शिलालेख बहुधा राजांच्या पराक्रमाचे किंवा देवळांना दिलेल्या दानांचे असतात. या लेखातही राजांची नावे आहेत. परंतु त्याचा मुख्य विषय निराळा आहे. एका गणितज्ञाचे ग्रंथ विद्यार्थ्यांना नित्य शिकवले जावेत, म्हणून स्थापन केलेल्या मठाची ती हकीकत आहे. तो गणितज्ञ म्हणजे भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ साली झाला. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या विज्जडवीड या नगरात आपण राहत होतो, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. शांडिल्य गोत्रातील हे घराणे पिढ्यान् पिढ्या विद्येसाठी प्रसिद्ध होते. त्यांच्या एका पूर्वजाला भोज राजाने विद्यापती ही पदवी दिली होती, असे पाटणच्या शिलालेखात नमूद आहे. वडील महेश्वर हे ज्योतिषशास्त्रातील जाणते पंडित होते, आणि तेच भास्कराचार्यांचे गुरू झाले. घर हीच त्यांची पाठशाळा होती. पित्याच्या पायाशी बसून ते व्याकरण, काव्य, गणित आणि ज्योतिष शिकले.

त्या काळी हिशेब कागदावर करीत नसत. फळ्यावर बारीक धूळ पसरून तीवर बोटाने किंवा काडीने अंक लिहीत, पुसत आणि पुन्हा लिहीत. ग्रंथही प्रायः श्लोकांत रचलेले असत. विद्यार्थी ते मुखोद्गत करी आणि मग गुरू त्याला अर्थ सांगे. या पद्धतीत एक मोठा गुण होता. पुस्तक हाती नसले तरी विद्या विसरली जात नसे. परंतु तिच्यात एक धोकाही होता. पाठ केलेला नियम खरा आहे की नाही, कोठे लागू पडतो आणि कोठे पडत नाही, हा प्रश्न मनात न येताच तो पुढच्या पिढीच्या हाती जाई. भास्कराचार्यांनी पूर्वसूरींचे ग्रंथ पाठ केले, पण हा प्रश्न विचारण्याचे मात्र ते कधी विसरले नाहीत.

वयाच्या ३६ व्या वर्षी, शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० साली, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा आपला महान ग्रंथ रचला. त्याचे चार भाग आहेत: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिल्या भागात अंकगणित व भूमिती, दुसऱ्यात अव्यक्त संख्यांचे गणित, तिसऱ्यात ग्रहांच्या गतीचे गणित आणि चौथ्यात पृथ्वी व आकाश यांचा विचार आहे. पुढे या ग्रंथावर त्यांनी स्वतःच ‘वासनाभाष्य’ नावाची टीका लिहिली. नियम सांगून थांबणे त्यांना पुरेसे वाटत नसे. तो नियम का खरा, हे शिकणाऱ्याला उमगले पाहिजे, अशी त्यांची दृष्टी होती.

या चार भागांत लीलावती सर्वांत लोकप्रिय ठरला. त्यातील उदाहरणे कोरडी नाहीत. त्यांत कमळांवर गुंजारव करणारे भुंगे आहेत, सापावर झेप घेणारा मोर आहे आणि वाऱ्याने मोडलेला वेळूही आहे. सपाट जमिनीवर ३२ हात उंचीचा वेळू उभा होता; वाऱ्याने तो मध्येच मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला; तर तो किती उंचीवर मोडला, असे ते विचारतात. उत्तर १२ हात आहे. कोठे ते मित्राला, कोठे एखाद्या बालिकेला संबोधून प्रश्न घालतात. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या होती आणि तिचा विवाहमुहूर्त टळल्यावर तिच्या सांत्वनासाठी हा ग्रंथ लिहिला, अशी एक कथा सांगतात. ही कथा अकबर बादशहाच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरात आढळते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांत तिला आधार नाही. परंतु ग्रंथ वाचताना एखादा मायाळू शिक्षक समोर बसून बोलत आहे, असे वाटते; त्यामुळे अशी कथा रूढ झाली यात नवल नाही.

लीलावतीत क्षेत्रव्यवहार नावाचे एक प्रकरण आहे. क्षेत्र म्हणजे आकृती, आणि क्षेत्र म्हणजे शेतही. त्रिकोण, चौकोन, वर्तुळ यांची क्षेत्रफळे काढण्याच्या रीती त्यात आहेत. शेताची मोजणी असो, भावाभावांतील वाटणी असो की साऱ्याची आकारणी असो, क्षेत्रफळ चुकले तर कोणावर तरी अन्याय होणारच. म्हणून हे गणित अचूक असणे फार महत्त्वाचे होते.

चौकोनाच्या क्षेत्रफळाचा एक नियम तेव्हा शतकानुशतके शिकवला जात होता. चारही बाजूंची बेरीज करून तिची निमपट घ्यावी; त्या निमपटीतून प्रत्येक बाजू वेगवेगळी वजा करावी; उरलेल्या चार संख्यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढावे; तेच क्षेत्रफळ. हा नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये रचलेल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात आहे. ब्रह्मगुप्त हे त्या शास्त्रातील फार मोठे नाव. भास्कराचार्यांना त्यांच्याविषयी अपार आदर होता. गणकांच्या मंडळातील चूडामणी म्हणून त्यांनी ब्रह्मगुप्ताचा गौरव केला आहे, आणि आपल्या ग्रंथाची उभारणीही पुष्कळ अंशी त्याच्याच पायावर केली आहे. परंतु ज्याच्याविषयी आदर आहे, त्याचा नियमही तपासून घ्यावा लागतो. भास्कराचार्यांनी तो तपासला.

त्यांनी एक सोपा चौकोन घेतला. त्याचा पाया १४, वरची बाजू ९, उरलेल्या दोन बाजू १३ आणि १२, व उंची म्हणजे लंब १२. पाया आणि वरची बाजू समांतर आहेत. अशा समलंब चौकोनाचे क्षेत्रफळ काढणे अगदी सुगम आहे. १४ आणि ९ यांची बेरीज २३. तिची निमपट साडेअकरा. तिला १२ ने गुणले की १३८ येतात. आता जुन्या नियमाने पाहावे. चार बाजूंची बेरीज ४८, तिची निमपट २४. तीतून चार बाजू एकेक वजा केल्या की १०, १५, ११ आणि १२ उरतात. त्यांचा गुणाकार १९,८०० होतो, आणि त्याचे वर्गमूळ १४१ हून किंचित कमी येते. एकाच चौकोनाची दोन क्षेत्रफळे कशी असू शकतील? १३८ हे प्रत्यक्ष मोजून पटणारे उत्तर आहे. तेव्हा दोष नियमाकडे आहे, हे उघड झाले. त्रिकोणाला तो नियम अचूक लागतो, चौकोनाला मात्र तो स्थूल आहे, असा स्पष्ट निर्णय भास्कराचार्यांनी दिला.

परंतु ते एवढ्यावर थांबले नाहीत. नियम चुकतो, हे दाखवणे निराळे. आणि तो का चुकतो, हे सांगणे निराळे. ते कारण त्यांनी अतिशय सोप्या रीतीने समजावले. चौकोनाचे समोरासमोरचे दोन कोपरे आत दाबले, तर त्यांना जोडणारा कर्ण आखूड होतो. त्याच वेळी उरलेले दोन कोपरे बाहेर सरतात आणि त्यांचा कर्ण लांबतो. बाजू मात्र होत्या तेवढ्याच राहतात. म्हणजे चार बाजू ठरल्या तरी चौकोन ठरत नाही. कर्ण बदलला की क्षेत्रफळही बदलते.

चार सारख्या काड्या घेऊन त्यांची टोके दोऱ्याने सैल बांधली, तर ही गोष्ट कोणालाही हाताने अनुभवता येते. काड्यांची चौकट प्रथम चौरस दिसते. दोन कोपरे दाबले की ती कलते, अधिक दाबले की चपटी होते, आणि शेवटी काड्या एकमेकींना जवळजवळ चिकटतात. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र कितीही दाबला तरी हलत नाही. म्हणूनच त्रिकोणाच्या तीन बाजू सांगितल्या की त्याचे क्षेत्रफळ ठरते. चौकोनाला आणखी काहीतरी सांगावे लागते.

हे पटवण्यासाठी भास्कराचार्यांनी २५ लांबीच्या चार सारख्या बाजूंचा चौकोन घेतला. त्याचा एक कर्ण ३० असेल तर दुसरा ४० होतो आणि क्षेत्रफळ ६०० भरते. एक कर्ण १४ असेल तर दुसरा ४८ होतो आणि क्षेत्रफळ अवघे ३३६ भरते. दोन्ही कर्ण सारखे असतील तर तो चौरस होतो आणि क्षेत्रफळ ६२५ येते. बाजू तिन्ही ठिकाणी त्याच! जुन्या नियमाने मात्र तिन्ही चौकोनांचे उत्तर ६२५ असेच निघते. ३३६ क्षेत्रफळाचे शेत ज्याच्या वाट्याला आले आणि ज्याला ६२५ चा हिशेब द्यावा लागला, त्याचे किती नुकसान होईल, याचा विचार केला म्हणजे हा दोष किती मोठा होता ते ध्यानात येते.

यासाठी भास्कराचार्यांनी निक्षून सांगितले की, चौकोनाचा लंब किंवा एखादा कर्ण दिल्यावाचून त्याचे निश्चित क्षेत्रफळ विचारणे व्यर्थ आहे. एरवी ते फार सौम्यपणे लिहितात. येथे मात्र त्यांचा शब्द कठोर झाला आहे. असा अपुरा प्रश्न विचारणाऱ्याला त्यांनी पिशाचाची उपमा दिली, आणि त्या प्रश्नाचे उत्तर देऊ पाहणाऱ्याला तर त्याहूनही अधिक दोषी ठरवले. जो विचारतो त्याचे अज्ञान क्षम्य असेल. पण जो जाणता म्हणवतो आणि विचार न करता उत्तर देतो, त्याची जबाबदारी मोठी असते.

मग ब्रह्मगुप्तासारखा थोर गणितज्ञ खरोखर चुकला होता काय? ज्या चौकोनाचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर असतात, त्याला चक्रीय चौकोन म्हणतात. अशा चौकोनाला ब्रह्मगुप्ताचा नियम तंतोतंत लागू पडतो. हा नियम वर्तुळातील चौकोनापुरता आहे, ही मर्यादा मात्र त्याच्या शब्दांत स्पष्टपणे आलेली नव्हती. भास्कराचार्यांनी नियमाची उणीव अचूक दाखवली; तो कोठे पूर्णपणे खरा ठरतो, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. पुढे सोळाव्या शतकात केरळातील ज्येष्ठदेव या गणितज्ञाने आपल्या ‘युक्तिभाषा’ या मल्याळम ग्रंथात वर्तुळातील चौकोनासाठी त्या नियमाची सिद्धता मांडली. एकाने नियम दिला, दुसऱ्याने त्यावर शंका घेतली आणि तिसऱ्याने त्याची जागा निश्चित केली. शास्त्र असेच वाढत असते. त्यात कोणा एकाचा पराजय होत नाही.

भास्कराचार्यांच्या बुद्धीची झेप इतर विषयांतही तेवढीच मोठी होती. काटकोन त्रिकोणाच्या कर्णाचा नियम त्यांनी बीजगणितात एका चौरसाच्या साहाय्याने दाखवला. १५ आणि २० बाजूंचे चार सारखे काटकोन त्रिकोण त्यांनी असे मांडले की, त्यांच्या कर्णांचा एक मोठा चौरस व्हावा आणि मध्ये ५ बाजूचा लहान चौरस मोकळा राहावा. प्रत्येक त्रिकोणाचे क्षेत्रफळ १५०. चौघांचे मिळून ६००. त्यात मधले २५ मिळवले की ६२५ झाले. म्हणून कर्ण २५. एका आकृतीने जे पटते, त्यासाठी लांबलचक शब्दांची गरज उरत नाही. त्याच ग्रंथात त्यांनी आणखी एक अवघड प्रश्न घातला आहे. ज्या पूर्णांकाच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्गच येतो, असा पूर्णांक कोणता? असा सर्वांत लहान पूर्णांक २२,६१,५३,९८० हा आहे. चक्रवाल नावाच्या रीतीने त्यांनी तो काढला. सुमारे ५०० वर्षांनी, १६५७ साली, फ्रान्समधील फर्मा या गणितज्ञाने हेच कोडे युरोपातील गणितज्ञांपुढे टाकले होते.

गोलाध्यायात त्यांनी पृथ्वी गोल असून ती आधारावाचून अवकाशात राहते, असे प्रतिपादन केले. पृथ्वीला आधार आहे असे मानले, तर त्या आधाराला दुसरा आणि दुसऱ्याला तिसरा आधार मानावा लागेल. शेवटी कोणीतरी स्वतःच्या शक्तीने राहते असे म्हणावेच लागेल. मग तसे पृथ्वीविषयीच का मानू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. वर्तुळाचा लहानसा भाग सरळ दिसतो, तशीच विशाल पृथ्वी जवळून पाहणाऱ्याला सपाट भासते, हेही त्यांनी सांगितले.

याच गोलाध्यायात यंत्रांचे एक प्रकरण आहे. काळ मोजण्याची आणि आकाशाचा वेध घेण्याची साधने त्यात वर्णिली आहेत. शंकू, घटी, चक्र, चाप अशी यंत्रे सांगून त्यांनी आपले फलकयंत्रही वर्णिले. ते म्हणजे एक चौकोनी फळा. त्याच्या साहाय्याने सूर्याच्या उंचीवरून वेळ काढता येई. आणि या सर्व यंत्रांच्या यादीत दहावे व सर्वश्रेष्ठ यंत्र म्हणून त्यांनी बुद्धीचे नाव घातले. ज्याच्याजवळ तल्लख बुद्धी आहे, तो हातातील साध्या काठीने दूरच्या वेळूची उंचीही मोजू शकतो, हे त्यांनी उदाहरण देऊन दाखवले. यंत्रांची त्यांना आवड होती. पण यंत्र चालवणाऱ्या मनाचे मोल त्यांना अधिक वाटत होते.

वयाच्या ६९ व्या वर्षी, इ. स. ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ लिहिला. पंचांगाचे गणित सोपे व्हावे, हा त्याचा हेतू होता. उतारवयातही शिकणाऱ्यांची सोय पाहण्याचा त्यांचा स्वभाव कायम राहिला.

भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर हेही मोठे पंडित होते. देवगिरीच्या यादव घराण्यातील जैत्रपाल राजाने त्यांना पाटणहून आपल्याकडे नेऊन पंडितांचे प्रमुख केले. लक्ष्मीधरांचे पुत्र चांगदेव हे सिंघण राजाचे मुख्य ज्योतिषी झाले. आजोबांचे ग्रंथ केवळ पूजेत राहू नयेत, ते विद्यार्थ्यांनी शिकावे, त्यांवर चर्चा करावी, अशी चांगदेवांची इच्छा होती. म्हणून त्यांनी पाटणला मठ स्थापन केला. निकुंभ घराण्यातील सोइदेव याने शके ११२८ मध्ये त्याला दान दिले. मठासाठी दिलेल्या दानांचा तपशील शिलालेखाच्या अखेरीस जुन्या मराठीत कोरलेला आहे.

पाटणच्या मठात आज विद्यार्थी नाहीत. पण त्यात शिकवले गेलेले ग्रंथ देशोदेशी पोचले. इ. स. १५४५ मध्ये कोकणातील गणेश दैवज्ञ यांनी लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. १८१६ साली लीलावतीचे इंग्रजी भाषांतर मुंबईत छापले गेले, आणि पुढच्याच वर्षी कोलब्रुक या विद्वानाचे भाषांतर प्रसिद्ध झाले. भास्कराचार्यांच्या नावाचे स्मरण म्हणून भारताने १९७९ साली सोडलेल्या एका कृत्रिम उपग्रहाला ‘भास्कर’ हे नाव दिले. त्या नावात सातव्या शतकातील पहिल्या भास्कराचेही स्मरण आहे.

आज काही शाळांत विद्यार्थी गट करून संगणकाच्या पडद्यावर चौकोन काढतात. चार बाजूंची लांबी कायम ठेवून ते एक कोपरा ओढतात. आकृती कलते, एक कर्ण आखूड होतो, दुसरा लांबतो आणि क्षेत्रफळाचा आकडा भराभर बदलत जातो. एकाचे उत्तर ६००, दुसऱ्याचे ३३६, तिसऱ्याचे ६२५! मग आपसांत वाद होतो, प्रत्येक जण आपली आकृती दुसऱ्याला दाखवतो, आणि सर्वांच्या बाजू सारख्या असूनही उत्तरे निराळी का, हे सर्वांना मिळून शोधावे लागते. धुळीच्या फळ्याची जागा पडद्याने घेतली. परंतु तो कोपरा दाबून पाहावा, ही गोष्ट भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच सांगून ठेवली आहे.

नियम जुना आहे किंवा थोरांनी सांगितला आहे, एवढ्यावरून तो सर्वत्र खरा ठरत नाही. आणि त्यात उणीव आढळली, म्हणून सांगणाऱ्याचा थोरपणाही कमी होत नाही. पूर्वजांना वंदन करावे आणि त्यांचे गणितही पडताळावे, या दोन्ही गोष्टी भास्कराचार्यांनी एकाच वेळी केल्या. त्यांच्या जीवनाचा हाच बोध प्रत्येक विद्यार्थ्याने मनात जपण्यासारखा आहे.